चोंबड्याचा चेहरा

४ फेब्रुवारी

वकीलबाई,

या दोन हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, कारण तुझ्या कादंबरीत त्यातलं एकही धड आलेलं नाही.

बोलक्या बाहुल्यांची डोकी, एकतीस. पंख मिटून मान वळवणारा कावळा, एक. नाटकासाठी दोन्ही बाजूंनी उघडणारं, पण एकाच बाजूने करकरणारं दार. सिनेमातल्या खलनायकाचा लाकडी पाय. नटापेक्षा पायाचं काम चांगलं झालं, असं दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाला होता. बाबांची काठी. तुझ्या ऑफिसातलं पुस्तकांचं कपाट, ज्यात एकही खिळा नाही. घरातलं टेबल, ज्यावर बसून तू कायदा पाठ केलास आणि कपांचे डाग पाडलेस. आणि चोंबड्या.

यातलं मला कोणीही शिकवलं नाही. शाळा आठवीत सुटली, मग रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात लागलो, आणि हातात पहिलं लाकूड आलं ते मोडक्या रेडिओंच्या खोक्यांचं. पटाशी कशी धरायची हे बोटं कापून कळलं.

आता तुझा कारागीर. तो बाहुल्याचं डोकं सागवानात कोरतो. सागवानात, वकीलबाई. असलं डोकं हातावर घेऊन दहा मिनिटं खेळ केला, तर बाहुल्याच्या आधी माणूसच ‘आई गं’ म्हणेल. तो जबड्याची दोरी मानेच्या पुढून ओढतो, म्हणजे पहिल्या रांगेतल्या पोरांनाही ती दिसावी. रंग ओला असतानाच भुवई चिकटवतो. नखांत काळं, मान खाली, वकिलाने कागद पुढे सरकवला की न वाचता सही. हा बावळट मनुष्य तू कुठून आणलास? माझी नखं तू पाहिली आहेस. टीव्ही कंपनीशी केलेला करार मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता, मध्ये एके ठिकाणी तुझीच चूक दाखवली होती, आणि तू म्हणाली होतीस, दादा, तू वकील व्हायला हवं होतंस. ते पुस्तकात नाही.

आणि चोंबड्या. टीव्हीवर दर आठवड्याला जो पुढाऱ्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना नको तो प्रश्न विचारायचा, ज्याला मांडीवर घेऊन ओठ न हलवता बोलणाऱ्या आपल्या पोटबोल्याला आज लोक रस्त्यात थांबवतात, त्या पोराचा चेहरा तू बाबांच्या नावावर टाकलास. मेलेल्या दारुड्या बापाचं तोंड मुलगा लाकडात कोरतो, म्हणे. डावी भुवई वर चढलेली, ती बाबांची. खालचा ओठ तू सोयीने गाळलास. चोंबड्याचा खालचा ओठ दाताखाली दबलेला आहे. तसा ओठ हलत्या जबड्यावर बसवायचा तर वेगळा कापावा लागतो, आणि त्यापायी माझे तीन जबडे वाया गेले. बाबांनी उभ्या आयुष्यात ओठ दाबला नाही. त्यांचं तोंड कायम उघडं.

पहिल्या पानावर छापलं आहेस, सर्व पात्रं काल्पनिक. टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हणालीस, ही माझ्या घरचीच गोष्ट. दोन्हींतलं एक खोटं आहे. कुठलं, ते ठरवायला मला वकील लावावा लागेल, आणि माझी वकील तूच.

पुस्तक तुझ्या वहिनीने विकत आणलं. घरातलं बाहेर विकायचं आणि आपणच परत विकत आणायचं, याला अक्कल म्हणतात, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, आधी वाचा, मग भांडा. वाचलं. दोनदा. चुकांची यादी सोबत आहे.

तुझा भाऊ
(हे पात्र काल्पनिक नाही)


१९ फेब्रुवारी

लेखिकाबाई,

तुझं उत्तर मिळालं. ऑफिसच्या कागदावर, टाइप केलेलं, खाली शिक्का. सख्ख्या भावाला शिक्का. आणि मजकूर काय, तर ‘दादा, ही कादंबरी आहे, फर्निचर नाही.’

बरोबर आहे. फर्निचरवर बसून बघता येतं.

तू मोठी झालीस ती मी बघत होतो, त्यामुळे मला शिक्क्याची भीती घालू नकोस. कोर्टासमोरच्या जिन्यात नोटरीच्या शेजारी स्टूल टाकून तू लोकांचे अर्ज टाइप करायचीस, तेव्हा ते स्टूल डगमगू नये म्हणून त्याला चौथा पाय मी बसवला. तुझी पहिली मोठी केस मला पाठ आहे. ती विनोदी जोडी, जाड्या आणि रड्या, वीस वर्षं एकत्र खेळ करून एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. तू त्यांचे विनोद वाटून दिलेस. सासूवरचे जाड्याला, दारुड्यांचे रड्याला, आणि दोघांनाही नको झालेले रेडिओला. लोक हसले, पण त्यानंतर कलाकार मंडळी तुझा जिना शोधत येऊ लागली. मग ती लिफ्टमधली बाई, जिचा ‘दरवाजा बंद होत आहे’ हा आवाज शहरभर वाजायचा आणि तिला कोणी विचारत नव्हतं. तिचं मानधन तू मिळवून दिलंस. तेव्हा मी दुकानात पेढे वाटले नाहीत, पण लिफ्ट आली की उगाच वर-खाली जायचो.

मग तू रविवारी गोष्टी लिहायला लागलीस. आठवडाभर लोकांची दुःखं ऐकायची आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना नाकडोळे लावायचे. तुझी गिऱ्हाइकं आता करारात एक ओळ घालून घेतात म्हणे, की वकीलबाई आमच्यावर काही लिहिणार नाहीत. रड्यानेच मला सांगितलं, आणि हसून सांगितलं. मी हसलो नाही. ती ओळ मी घालून घ्यायला हवी होती, पण भावाने बहिणीकडून असला कागद घेतलेला मी अजून कुठे ऐकलेला नाही.

आता कामाचं. काल टीव्ही कंपनीची नोटीस आली. त्यांना चोंबड्याचा चेहरा संगणकात घालायचा होता, पोटबोल्याशिवाय आणि माझ्याशिवाय, हे तुला माहीत आहे. मी वर्षभर नाही म्हणत होतो. यंत्रातला चोंबड्या प्रश्न विचारणार नाही, टूथपेस्ट विकेल. आता त्यांना माझ्या हो-नाहीची गरज उरलेली नाही. करारात तुझ्या हातचं एक कलम आहे: हा चेहरा कोणाही हयात वा मृत व्यक्तीवरून घेतलेला नाही, असं कारागीर शपथपूर्वक सांगतो. कलम तुझं, सही माझी. कंपनीच्या वकिलाने तुझ्या कादंबरीतली पानं आणि मुलाखतीतलं ते वाक्य नोटिशीला जोडलंय. चेहरा तुमच्या वडिलांचा, म्हणजे शपथ खोटी. शपथ खोटी, म्हणजे करार तुम्ही मोडलात. म्हणून भरपाईत चेहऱ्याचे सगळे हक्क आमचे.

वर्षभर जे मी दिलं नाही, ते तू सोफ्यावर बसून, पायावर पाय टाकून, एका वाक्यात दिलंस. शहरातला एकेक नट तुझ्याकडून करार तपासून घेतो. आणि स्वतःच लिहिलेल्या कलमात स्वतःच पाय अडकून पडणारी वकील मी आजवर पाहिली नव्हती. घरातच होती.

भाऊ


६ मार्च

या वेळी हाताने लिहिलंस. शिक्का नाही. अक्षर अजून तसंच, मुंग्यांच्या रांगेसारखं.

खटला फुकट लढवीन म्हणतेस. नको. माझी बाजू मांडायला मला तोंड आहे. तू मांडलेली एक बाजू अजून पुस्तकांच्या दुकानात विकायला ठेवली आहे, ती पुरे.

दुसरं तू लिहिलंस, ‘बेचाळीस चुका काढल्यास, दादा. सातव्या प्रकरणातली एकही नाही. ते वाचलं नाहीस का? बाबांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, हे मला माहीत आहे. मी टेबलाखाली होते. मला सगळं दिसत होतं.’

वाचलं. सातव्या प्रकरणात चूक नाही, म्हणून यादीत नाही.

पण टेबलाबद्दल एक गोष्ट तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. ते मी पंधरा वर्षांचा असताना केलं, आणि माझ्या हातचं पहिलं मोठं काम ते. त्याची समोरची पट्टी मी मुद्दाम रुंद ठेवली, गुडघ्याच्या खालपर्यंत. दुकानाचा मालक म्हणाला होता, अरे, हे टेबल आहे का लाकडी परकर? खाली एक चार वर्षांची पोरगी बसली तर तिला बाहेरचं दिसू नये आणि बाहेरच्याला ती दिसू नये, एवढं माप मी धरलं होतं. तू आत बाहुली घेऊन बसायचीस. आवाज नसायचा तुझा. मला वाटायचं, खेळते आहे.

काल टेबल उलटं करून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात, पट्टी पायाला मिळते तिथे, पेन्सिल जाईल एवढी फट आहे. माझ्या कामात फट. इतकी वर्षं त्या टेबलावर जेवतो आहोत.

तुझी वहिनी म्हणाली, भरून टाका आता. मी म्हटलं, आता भरून कोणाला काय.

पुस्तक तुला लिहायचंच होतं तर घाव माझे होते, मला विचारायचं होतंस. जगातल्या सगळ्यांना प्रश्न विचारतेस. लिफ्टला विचारलंस.


२२ मार्च

वकीलबाई,

पाच पानं लिहिलीस. एकटा जाऊ नकोस, ते लोक गोड बोलतात, कशावरही सही करू नकोस. मी काय कुक्कुलं बाळ आहे? गेलो. एकटाच गेलो. धुतलेला शर्ट घालून गेलो आणि तुझ्या माहितीसाठी, नखं स्वच्छ होती.

काचेची खोली. टेबल काचेचं, भिंत काचेची, दार कुठलं आणि भिंत कुठली हे कळायला आधी एकदा कपाळ आपटावं लागतं. कॉफी यंत्रातून येते आणि यंत्रच सांगतं की झाली. त्यांचा वकील तुझ्याहून लहान, केस चापून बसवलेले. तुला फार मानतो, असं तीनदा म्हणाला. तू आवाजाच्या कलाकारांचा जो खटला त्यांच्यावर चालवते आहेस, ती लिफ्टवाली बाई आणि तिच्यासारखी साठ-सत्तर माणसं ज्यांचे आवाज कंपनीने न विचारता यंत्रात भरले, त्याबद्दल बोलताना तो कॉफी ढवळायला लागला. साखर नसलेली कॉफी. एवढं बघूनच मी ओळखलं की तू तिथे कुठेतरी नेमकी टाचणी टोचली आहेस.

चोंबड्या बाहेरच्या पॅसेजमध्ये काचेच्या कपाटात आहे. सूट घातलाय त्याला. जबडा लोंबतो आहे, कोणीतरी दोरी ओढून पाहिली आणि गाठ सुटली. दोन मिनिटांचं काम. मी किल्ली मागितली. तो वकील पोरगा म्हणाला, सर, ती वस्तू आता वादात आहे. वस्तू म्हणाला. ज्याने मंत्र्याला विचारलं होतं की काका, तुम्ही गृहपाठ केला नाही तर तुम्हाला कोण मारतं, तो तिथे तोंड वासून उभा, आणि येणारे-जाणारे त्याच्यासोबत फोटो काढतात.

खोलीत काय बोलणं झालं ते तुला सांगायची मला गरज वाटत नाही. माझं बोलणं होतं, माझं झालं. मी तासभर बसलो, कॉफी संपवली आणि आलो.

आता परत पाच पानं लिहू नकोस. वहिनीला फोन करून माझी चौकशीही करू नकोस. ती बाथरूममध्ये नळ सोडून तुझ्याशी बोलते आणि तिला वाटतं, मला कळत नाही.

भाऊ


१० एप्रिल

धाकटे,

काल तू आलीस. कोर्टातून थेट, काळा कोट हातावर. वहिनीने दार उघडलं आणि तू उंबऱ्यातूनच विचारलंस, “किती घेतलेस?” वहिनी म्हणाली, अगं, आधी आत तरी ये. तू नाही आलीस. शेजारचे दार किलकिलं करून बघत होते, त्यांना तू काही कमी पडू दिलं नाहीस. कंपनीच्या वकिलाने म्हणे तुला कोर्टाच्या आवारात गाठून सांगितलं, तुमचे बंधू आमच्याकडे येऊन गेले, बोलणी फार छान झाली. आणि तू ते धरून बसलीस. रोज खोटं ऐकायची तुझी नोकरी, आणि एवढं खोटं तुला ओळखता आलं नाही.

मग ते तुझं वाक्य. “मला विकायचंच होतं तर मला सांगायचंस, दादा. करार मी नीट लिहून दिला असता.”

मी आत गेलो. तू समजलीस की लाजून गेलो. मी गेलो तो हातातली पटाशी ठेवायला. राग आला की मी हातातलं हत्यार आधी खाली ठेवतो. बाबा ठेवत नसत. तुला ते दिसलेलंच आहे.

जेवायला बसलो तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, “ती आपली आहे हो. ओरडायला दुसरं कोण आहे तिला?” मी म्हटलं, मलाही दुसरं कोण आहे?

आता नीट वाच. तुझ्या सवयीप्रमाणे, म्हणजे ओठ दाताखाली दाबून.

कळलं का? नाही कळलं. तुला आरशात तसं कधी दिसणारच नाही, कारण आरशासमोर माणूस वाचत नाही. चोंबड्या केला तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. तू एकोणीस वर्षांची, कायद्याच्या पहिल्या वर्षाला. एकच टेबल, एकच खिडकी. दुकानातून आलो की एका बाजूला मी कोरायला बसायचो आणि दुसऱ्या बाजूला तू वाचायला. कुठलंसं कलम पटलं नाही की तुझी डावी भुवई वर जायची आणि खालचा ओठ दाताखाली. मग तू मान वर करून मला विचारायचीस, पण असं का? मला काय ठाऊक असं का? मला समोर जे दिसलं ते मी कोरलं. नाक तेवढं मोठं केलं, पोरांना मोठी नाकं आवडतात.

बाबांचा चेहरा मी कशाला कोरीन? तो मला एकोणतीस वर्षं फुकट बघायला मिळाला होता.

गंमत अशी की ते कलम टाइप करताना, हयात वा मृत व्यक्ती वगैरे, तू अगदी तसंच तोंड केलं होतंस. आणि चोंबड्या मध्ये टेबलावर ठेवलेला. मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हटलं, आता ही ओळखेल. तू म्हणालीस, दादा, इथे सही कर. मी केली. शपथ खोटी होती, हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. मला त्याचं आजही काही वाटत नाही. तुझा चेहरा घ्यायला तुझी परवानगी मागितली नाही आणि मागणारही नाही. तू माझं सातवं प्रकरण घेतलंस, मी तुझं तोंड घेतलं. तेही तुझ्या कितीतरी आधी.

आता वकील म्हणून विचार कर, कारण लेखिका म्हणून तुझं डोकं या बाबतीत चाललेलं नाही. करार मोडला तर मोडू दे. पण जो चेहरा माझा नव्हताच, तो मी देऊ शकत नाही आणि भरपाईत कंपनी घेऊ शकत नाही. ज्या बाईचा तो आहे ती जिवंत आहे, चांगली खणखणीत आहे, काल माझ्या दारात उभी राहून तिने ते सगळ्या मजल्याला दाखवलं. यंत्रात घालायचा असेल तर तिची सही लागेल. देऊ नकोस. एवढं एक माझं ऐक. पोटबोल्याकडे त्या वेळचा तुझा एक फोटो आहे, खिडकीपाशी वाचतानाचा, मी कोरताना बाजूला ठेवायचो तो. तो सांभाळून ठेवतो असं म्हणून घेऊन गेला होता. त्याला ओठ दिसल्याबरोबर कळलं होतं. त्याला कळलं, चोंबड्याला ज्याने फक्त मांडीवर बसवलं त्याला.

तुझ्यावर माझा राग गेलेला नाही. सागवानाचं मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो न वाचता सही करणारा कारागीर दुसऱ्या आवृत्तीत तसाच राहिला तर मी प्रकाशकाकडे जाऊन बसेन. बाबांबद्दल लिहिलंस ते खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच ते पैसे देऊन कोणीही वाचावं, हे मला सहन होत नाही. यापुढे घरी यायचं असेल तर आत यायचं. उंबऱ्यातून बोलायचं नाही.

आणि आता ते काचेच्या खोलीतलं. काल दारात सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि शेजाऱ्यांना तेही मिळालं असतं.

त्यांनी एकच कागद पुढे ठेवला होता. त्यात मी एवढंच लिहून द्यायचं होतं की चेहरा वडिलांचा आहे, हे माझ्या वकिलाला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तिनेच मला खोट्या कलमावर सही करायला लावली. त्या कागदावर तुझी सनद गेली असती. सनद गेली की आवाजवाल्यांचा खटला वाऱ्यावर, आणि मग ती लिफ्टवाली बाई आणि बाकीचे सगळे परत तोंड मिटून बसले असते. पोरगा म्हणाला, सर, तुमच्या बहिणीने तुमच्यावर एवढं लिहिलं, तुम्हाला दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? मी कागद वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्यातली एक चूक त्याला दाखवली. त्यात तुझा उल्लेख ‘कारागिराची वकील’ असा केला होता. मी म्हटलं, बहीण लिहा. तो म्हणाला, मग सही कराल? मी म्हटलं, नाही, फक्त चूक दाखवली.

माझ्या बहिणीला शिक्षा व्हायला हवी, हे मलाही मान्य आहे. पण ती भाड्याने देणार नाही.

सहीच्या बदल्यात चोंबड्या त्याच दिवशी घरी येणार होता, सगळ्या हक्कांसकट, गाडीतून, आणि त्याच्याशिवाय रोख पंच्याऐंशी लाख. मी नको म्हणून उठून आलो.